विकता न येणारे घर

घर विक्रीला काढून चौदा महिने झाले. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एका गल्लीतली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. राहणारे नवरा-बायको, दोघेही सत्तरीपुढचे. बाईंना गुडघ्यांमुळे जिना झेपत नाही. दवाखान्यात जायचे असेल तरच त्या खाली उतरतात. तळमजल्यावरचे किंवा लिफ्ट असलेले छोटे घर घ्यायचे, उरलेले पैसे औषधपाण्याला ठेवायचे, एवढाच त्यांचा बेत. अधूनमधून रविवारी सकाळी पंखे पुसले जातात, दिवाणावर धुतलेली चादर येते, बेसिनच्या गळक्या नळाखालची बादली तेवढ्यापुरती बाल्कनीत जाते, कारण एजंट 'पार्टी' घेऊन येणार असतो. पार्टी येते, जिन्यात धापा टाकते, स्वयंपाकघरात डोकावते, 'काकू, घर छान ठेवलंय हो' म्हणते आणि परत फोन करत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अशा भेटींच्या खुणा आहेत. त्या आम्ही मोजल्या, सतरा भरल्या.

सतरांपैकी एक सौदा जमला होता. बैठक झाली, कमी-जास्त झाले, टोकनचा चेक आला, देवापुढे पेढा ठेवला गेला. मग कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने फाइल उघडली. घर त्या गृहस्थांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या जोडनावावर घेतलेले. वडील जाऊन पंधरा वर्षे झाली, तरी भाग दाखल्यावर त्यांचे नाव तसेच. गृहस्थांना दोन बहिणी. कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात त्यांचाही वाटा, पण हक्कसोडपत्र कधी केलेच नाही, कारण 'आपल्यात कुठे वाद आहे?' इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र गृहनिर्माण संस्थेच्या कपाटात सापडेना. इमारतीखालची जमीन तर आजही मूळ मालकाच्याच नावावर. खरेदीदाराने तीन आठवडे वाट पाहिली, नमस्कार केला आणि टोकन परत घेतले.

एका कुटुंबाचे दुर्दैव म्हणून हे सोडून देता येणार नाही. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, नागपूर, कोणत्याही शहरातल्या पंचवीस-तीस वर्षे जुन्या इमारतीत जा आणि दारे ठोठवा. अशीच फाइल निघेल. मराठी मध्यमवर्गाने आयुष्याची कमाई चार भिंतींत घातली. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली, दागिने मोडले, वीस वर्षे हप्ते फेडले आणि 'आता काळजी नाही, घर आहे' असे म्हणून निःश्वास टाकला. ते घर गरजेच्या वेळी विकता येईल का, हे तपासायचे मात्र राहून गेले. बाजार तेजीत असतो तेव्हा ही उणीव झाकली जाते, कारण गिऱ्हाईक घाईत असते. बाजार मंदावला की गिऱ्हाईक सवडीने कागद वाचू लागते, आणि मग वर्षानुवर्षांचे दुर्लक्ष एकदम भोवते. ही धोक्याची घंटा आहे. आजारपण, म्हातारपण किंवा मुलांच्या शिक्षणाची फी दारात उभी राहण्याआधीच ती ऐकली पाहिजे.

कोणी म्हणेल, मंदी आहे कुठे? 2024 मध्ये मुंबईत 1 लाख 40 हजारांहून अधिक दस्तांची नोंदणी झाली, हा तर तोवरचा विक्रम. तो आकडा खरा आहे. पण एकूण नोंदणीच्या आकड्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराचे भाग्य कळत नाही. नव्या गृहप्रकल्पाच्या दिमतीला जाहिरात असते, नमुना सदनिका असते, पाडव्याला आणि दसऱ्याला मुद्रांक शुल्क माफीची योजना असते, हप्त्यांची सवलत असते. जुने घर विकणाऱ्यापाशी यातले काही नसते. शहरात एकीकडे पायाभरणीचे नारळ फुटत असतात आणि त्याच वॉर्डात जुन्या घरांच्या खिडक्यांवर 'विकणे आहे'च्या पाट्या उन्हाने पांढऱ्या पडत असतात. बाजार एकच नाही. नव्याची तेजी आणि जुन्याची मंदी एकाच वेळी, एकाच रस्त्यावर नांदू शकते.

खरेदीदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. पुण्यात 60 लाखांचे घर घेणाऱ्या तरुण जोडप्याचा हिशेब मांडू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. म्हणजे 12 लाख पदरचे. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 4 लाख 20 हजार, नोंदणी शुल्क 30 हजार, आणि हे दोन्ही खर्च कर्जात धरले जात नाहीत. घरात पाऊल टाकण्याआधी साडेसोळा लाख रोख जमवायचे. एजंटची दलाली आणि रंगरंगोटी वेगळीच. जुन्या इमारतीचे मूल्यांकन बँकेने कमी केले तर पदरचा आकडा आणखी फुगतो. रेपो दर 2023 मध्ये 6.50 टक्क्यांवर होता, तो 2025 अखेर 5.25 टक्क्यांवर आला. त्याने हप्ता थोडा हलका झाला, पण हे साडेसोळा लाख तसेच राहिले. असा खरेदीदार कागदात जराशी शंका दिसली तरी मागे फिरतो, आणि त्याचे चुकत नाही.

आता त्या कागदांकडे वळू. 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्याखालच्या नियमांनुसार, करारात वेगळी मुदत नसेल तर, संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची. हेच अभिहस्तांतरण. बिल्डरांनी ते टाळले, कारण जमीन स्वतःच्या हातात राहिली की पुढे वाढणाऱ्या चटई निर्देशांकाचा लाभही हातात राहतो. सदनिकाधारकांनी ते मागितले नाही, कारण नळाला पाणी येत होते आणि जिन्यात दिवा लागत होता. अखेर 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट खुली झाली. बिल्डरने सही केली नाही, तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून संस्थेला जमीन आपल्या नावे करून घेता येते. ही तरतूद येऊन दीड तपाहून अधिक काळ लोटला, तरी हजारो संस्थांच्या वार्षिक सभेत हा विषय 'पुढील सभेत घेऊ' म्हणून वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो आहे. सभेत पार्किंगवरून दोन तास भांडण होते, अभिहस्तांतरणासाठी वर्गणी काढायची म्हटली की लोक उठून जातात. जमीन नावावर नसेल तर पुनर्विकास रखडतो, आणि पुनर्विकासाची आशा नसलेल्या जुन्या इमारतीतल्या घराला मंदीत कोणी विचारत नाही.

दुसरी गाठ वारसाची. नामनिर्देशन केले म्हणजे घर त्या व्यक्तीचे झाले, हा गैरसमज घरोघरी आहे. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने घर सांभाळते. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. वडील गेल्यावर दहाव्या-तेराव्याला सगळी भावंडे एकत्र असतात, मनेही मऊ असतात. हक्कसोडपत्राचा विषय तेव्हा काढणे अप्रशस्त वाटते, हे खरे. पण वर्षश्राद्धापर्यंत तरी तो मार्गी लागलाच पाहिजे. पंधरा वर्षांनी एक बहीण परदेशात असते, दुसरीच्या सूनबाईंचे मत वेगळे असते, आणि ज्या घरात कधी वाद नव्हता तिथे घराची किंमत ऐकून वाद जन्माला येतो.

किमतीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मंदीत घर अडकून राहण्याचे मोठे कारण विकणाऱ्याच्या मनात बसलेला आकडा हे आहे. तो कुठून येतो? 'वरच्या मजल्यावाल्याने पंच्याऐंशीला दिलं' या ऐकीव गोष्टीतून, संकेतस्थळावर दुसऱ्या एखाद्या विक्रेत्याने मागितलेल्या भावातून, आणि बऱ्याचदा या भिंतींसाठी केलेल्या कष्टांतून. कष्टांची किंमत करता येत नाही, घराची करावी लागते. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेवर आपल्या परिसरातले नोंदलेले व्यवहार आणि त्यांची सूची क्रमांक दोन पाहता येते. शेजारच्या इमारतीत गेल्या सहा महिन्यांत घर खरोखर कितीला गेले, हे तिथे कळते. आपला जुना करारनामा बिल्टअप फुटांत असेल, तर चटई क्षेत्र मोजून घ्यावे. नवा ग्राहक चटईवरच भाव लावतो.

थांबण्याचीही किंमत असते. रिकाम्या घराला आज 70 लाख मिळत आहेत आणि मालक 80 साठी अडून बसला आहे, असे धरू. 70 लाखांवर वर्षाला सहा टक्के व्याज धरले तर दोन वर्षांत साध्या हिशेबाने 8 लाख 40 हजार बुडाले. महिना तीन हजार देखभाल खर्चाचे 72 हजार गेले, वर मालमत्ता कर. म्हणजे दोन वर्षांनी 79 लाख आले, तर तो आजचे 70 लाखच घेऊन घरी जातो. मधल्या काळात भिंतींना ओल आली, तर तेही नाही. ज्याला गरज नाही त्याने खुशाल थांबावे. ज्याला गरज आहे त्याने योग्य भावाचे पहिले गिऱ्हाईक हातचे जाऊ देऊ नये.

'आधी नवे घेऊ, जुने सावकाश विकू' असे म्हणणाऱ्यांना तर वेगळाच इशारा द्यायला हवा. घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावरचा कर दुसरे घर घेतल्यास वाचतो. पण ते दुसरे घर जुन्याच्या विक्रीआधी जास्तीत जास्त एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घेतलेले असावे लागते. बांधून घ्यायचे असेल तर विक्रीनंतर तीन वर्षे मिळतात. नवे घर घेतले आणि जुने चौदा महिने विकलेच गेले नाही, तर या नव्या घराच्या आधारे मिळणारी सवलत हातची जाते. दोन घरांचा खर्च, दोन हप्ते आणि वर कर, असा तिहेरी मार बसतो. मंद बाजारात जुन्याचा सौदा आधी, नव्याचा नंतर, हाच सुरक्षित क्रम.

अडलेला विक्रेता दिसला की त्याच्याभोवती गिधाडे घिरट्या घालू लागतात. 'अर्धे रोख देतो, लगेच व्यवहार करू' म्हणणारा पहिला येतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि घेणाऱ्यालाच तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दुसरा म्हणतो, 'काका, तुम्ही फक्त कुलमुखत्यारपत्र द्या, विकून पैसे आणून देतो.' नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. तरी सही करणाऱ्याला मनस्ताप, कोर्ट आणि रात्रीची झोप यांची किंमत मोजावी लागते. तिसरा नाममात्र टोकन देऊन, साध्या कागदावर इसारपावती करून घर महिनोन्महिने अडकवून ठेवतो आणि त्याच काळात चढ्या भावाने पुढची पार्टी शोधतो. चौथा फोनवर स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो आणि 'टोकन पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा' म्हणतो. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पैसे द्यायला लागतो. एवढे एक वाक्य प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाच्या फोनशेजारी चिकटवून ठेवावे.

परके लुबाडतात, त्यात काही ठिकाणी आपलीच संस्था भर घालते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25 हजार रुपये आहे. तरी 'ऐच्छिक देणगी'च्या नावाखाली लाखाची मागणी होते, आणि ती दिल्याशिवाय सचिवांची सही होत नाही. आदर्श उपविधीनुसार घर विकायला संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. पण कर्ज देणारी बँक ते मागते, आणि पदाधिकाऱ्यांना ही गरज पक्की ठाऊक असते. तीस वर्षे ज्याच्याबरोबर गणपती बसवला, त्याच्या अडचणीवर संस्थेचा निधी भरणे ही शेजारधर्माला काळिमा फासणारी गोष्ट आहे.

सरकारची जबाबदारीही मोठी आहे. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचे, दर 1 एप्रिल 2025 ला राज्यात सरासरीने वाढवण्यात आले. बाजार चढताना हे दर त्याच्यामागे चढतात. बाजार उतरला की मात्र ते त्याच वेगाने खाली येत नाहीत. ज्याला घर 60 लाखांना द्यावे लागले आणि ज्याच्या घराचे सरकारी मूल्य 70 लाख निघाले, त्याचे काय होते? प्राप्तिकर कायदा दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतो. इथे मर्यादा 66 लाखांवर संपते, म्हणून विक्रेत्याचा नफा 70 लाख मिळाले असे समजून मोजला जातो. न मिळालेल्या दहा लाखांवर विक्रेत्याचा कर, त्याच फरकावर खरेदीदारालाही उत्पन्न म्हणून कर, आणि मुद्रांक शुल्क 70 लाखांवर 4 लाख 90 हजार. नाइलाजाने पडत्या भावात घर देणाऱ्याला काळा व्यवहार करणाऱ्याच्या पंगतीत बसवले जाते. प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष मूल्यांकनाची मागणी करण्याचा मार्ग आहे, जुन्या इमारतीला घसाराही मिळतो. पण आजारी माणसाने हे लढे लढायचे कधी?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रेडी रेकनर ठरवताना जुन्या इमारतींच्या पुनर्विक्रीचे नोंदलेले भाव वेगळे काढून पाहावेत आणि भाव उतरले असतील तिथे दर उतरवण्याचे धैर्य दाखवावे. मानीव अभिहस्तांतरणासाठी प्रत्येक जिल्ह्यात वॉर्डनिहाय शिबिरे भरवावीत आणि अर्ज निकाली काढण्याच्या मुदती कसोशीने पाळाव्यात. भोगवटा प्रमाणपत्रे आणि मंजूर नकाशे महापालिकांनी संकेतस्थळावर ठेवावेत. त्यासाठी सामान्य माणसाला दलाल गाठावा लागू नये. रेरा कायद्याने नव्या प्रकल्पातल्या ग्राहकाला आधार दिला आणि तिथल्या एजंटांना शिस्त लावली. जुन्या घराच्या पुनर्विक्रीत मात्र विक्रेता आणि एजंट यांच्यात साधा लेखी करारही बहुधा नसतो. तिथेही लेखी अटी, ठरलेली दलाली आणि तक्रारीची जागा असली पाहिजे. 2020 च्या सप्टेंबरात राज्याने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले, तेव्हा गारठलेल्या बाजारात नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या होत्या. सरकारने मनात आणले तर बाजार हलतो, हे राज्याने पाहिले आहे. पहिले घर जुन्या इमारतीत घेणाऱ्याला आणि म्हातारपणी सोयीचे घर घेण्यासाठी विकणाऱ्याला अशी मर्यादित सवलत आजही देता येईल.

सरकार हलेपर्यंत थांबणे मात्र परवडणारे नाही. वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे. घर विकायचे मनातही नसेल, तरी या आठवड्यात कपाटातली ती जुनी फाइल काढा. नोंदणीकृत करारनामा, पावती आणि सूची क्रमांक दोन आहे का ते बघा. भाग दाखल्यावर आज हयात असलेल्यांची नावे आहेत का ते बघा. फेडलेल्या कर्जाचे बँकेचे पत्र आणि मूळ कागद परत मिळाले का ते बघा. मालमत्ता कराची नोंद कोणाच्या नावाने येते ते बघा. संस्थेच्या सचिवांकडून भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या आणि येत्या वार्षिक सभेत अभिहस्तांतरणाचा विषय लेखी द्या. बहीण-भावंडांशी आज बोला, आज मने चांगली आहेत तोवर. मृत्युपत्र करा. जुन्या घराला किरकोळ दुरुस्ती आणि एक हात चुना लावायचा तर तोही वेळेत लावा. पार्टी यायच्या आदल्या रात्री गळका नळ दुरुस्त होत नाही.

जुन्या घराचे गुण कमी नाहीत, तेही विकणाऱ्याने ठामपणे सांगावेत. पूर्ण झालेल्या घरावर जीएसटी नाही, बांधकाम सुरू असलेल्यावर सर्वसाधारणपणे पाच टक्के आहे. ताबा आज मिळतो. पाणी किती येते, पावसात भिंत कुठे ओलावते, शेजारी कसे आहेत, हे घेणाऱ्याला डोळ्यांनी पाहता येते. हे सगळे बोलून दाखवायचे तर हातातली फाइल पूर्ण हवी.

सिंहगड रस्त्यावरच्या त्या घरातून परदेशातल्या बहिणीला आता कागद गेले आहेत, वकिलाची फी भरली आहे, संस्थेत भोगवटा प्रमाणपत्राचा शोध सुरू आहे. जे काम पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारचे होते, त्याला आता काही महिने लागतील. तोवर बाई तिसऱ्या मजल्यावरच आहेत.